आधी काम, मग अर्पण: आघातातून सावरताना ईश्वरप्रणिधान कोणत्या क्रमानं करावं

वीज पडून धुऱ्यावरच माणूस गेला. तेरवी आटोपली, पाहुणे आपापल्या गावी परतले. त्या दिवशी सोबत वावरात असलेला भाऊ मात्र रात्री दोनला उठून बसतो, आभाळ गडगडलं की कोठ्यात जाऊन बैलाच्या आडोशाला उभा राहतो. येणारा-जाणारा सांगतो, "काहून येवढा इचार करतं? देवावर सोडून दे ना." सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण ऐकणाऱ्याला कसं सोडायचं ते कळत नाही, आणि सुटत नाही म्हणजे आपली श्रद्धाच कमी पडली असं तो धरून चालतो.

हीच चूक योगवर्गात वेगळ्या कपड्यात येते. पहिल्याच दिवशी सतरंजीवर उताणं झोपवायचं, डोळे मिटायला लावायचे आणि सांगायचं, "शरीर पूर्ण सोडून द्या." सतत कानोसा घेत राहिलेल्या शरीराला ही सूचना धोक्याची वाटते. छाती धडधडते, घाम फुटतो, प्रसंग जसाच्या तसा समोर उभा राहतो. तो माणूस दुसऱ्या दिवशी येत नाही.

दोन्हीकडे क्रम उलटा झालेला असतो. खाली दिलेला सराव ईश्वरप्रणिधानाचा, म्हणजे केलेलं काम ईश्वराला अर्पण करण्याचा आहे: सुरुवातीला रोज ५ मिनिटं, वाढत वाढत १२ ते १५, आणि निदान १० आठवडे. तो उपचाराच्या जोडीनं करायचा आहे, उपचाराऐवजी नाही. १० आठवडे हा आकडा हवेतला नाही. अमेरिकेत ६४ महिलांवर झालेल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठवड्याला १ तास असा १० आठवडे योग दिला होता. शेवटी योगगटातल्या ३१ पैकी १६ जणींना आघातोत्तर विकाराचे (पीटीएसडी) निकष लागू राहिले नाहीत, योग न केलेल्या दुसऱ्या गटात २९ पैकी ६ जणींना. त्या वर्गांत प्रत्येक हालचाल करायची की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं होतं. आसनांच्या यादीपेक्षा हा भाग उचलण्यासारखा आहे.

## सोडायचं काय, ते आधी पक्कं करा

पतंजलींच्या योगसूत्रांत ईश्वरप्रणिधान चार ठिकाणी येतं: १.२३, २.१, २.३२ आणि २.४५. आपल्याला लागतं ते २.१. तिथे तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान मिळून क्रियायोग सांगितला आहे आणि प्रणिधान तिसरं आहे. त्यावर व्यासभाष्य, म्हणजे सूत्रांवरची जुनी टीका, म्हणते: सर्व क्रिया परमगुरूला अर्पण करणं, किंवा त्या क्रियांच्या फळाचा संन्यास. म्हणजे अर्पण करायला आधी क्रिया हवी.

भाष्यातला "किंवा"ही कामाचा आहे. ज्यांच्या घरात देव्हारा नाही, जे बुद्धवंदना म्हणतात, किंवा लेकरू गेल्यापासून ज्यांचं देवाशी बोलणंच बंद आहे, त्यांच्यासाठी दुसरा अर्धा भाग पुरेसा आहे. फळावरचा हक्क सोडायचा, एवढंच. अशा माणसाला "ओम म्हणाच" असा आग्रह धरू नका.

गीतेत "मामेकं शरणं व्रज" हे १८.६६ मध्ये येतं. त्याच्या तीनच श्लोक आधी, १८.६३ मध्ये, कृष्ण म्हणतो: विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु. सगळं नीट तपासून पाहा आणि तुला वाटेल तसं कर. शरण जाण्याची गोष्ट निवडीनंतर येते. आघातात नेमकी निवडच हिरावलेली असते, त्यामुळे या सरावात "नाही, आज नको" म्हणायची मोकळीक शेवटपर्यंत राहिली पाहिजे.

तपासणी: "माझ्या हातात काहीच नाही" हे वाक्य हताशेचं आहे. "माझ्या हातात होतं ते मी केलं, पुढचं माझ्या हातात नाही" हे प्रणिधानाचं. सरावानंतर तोंडी पहिलं वाक्य जास्त येत असेल, तर कुठेतरी क्रम चुकला आहे.

## टप्पा ० : सुरू करण्याआधी

प्रसंग होऊन महिनाही झाला नसेल तर झोपमोड, दचकणं, रडू येणं हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं हळूहळू ओसरतं. या काळात फक्त टप्पा १ करा. महिना उलटूनही तेच चालू असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसीत) दाखवून जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागाकडे चिठ्ठी घ्या. सराव त्याच्या बरोबरीनं चालू शकतो.

त्रास देणारा माणूस अजून त्याच घरात असेल, तर आधी सुरक्षितता. मार खाऊन गप्प बसणं याला कोणत्याही सूत्रात समर्पण म्हटलेलं नाही. महिलांसाठी १८१, तातडीला ११२. तक्रार देणं ही क्रियाच आहे, तिनं अर्पणाला बाध येत नाही.

आता विदर्भापुरती खास गोष्ट. आपल्याकडे "औषध" म्हणजे गोळ्याही आणि फवारणीचा डबाही. दोन्हींची व्यवस्था सरावाच्या पहिल्या दिवसाआधी लावायची. फवारणीचं औषध घरात ठेवू नका. फळीवर, पलंगाखाली, न्हाणीत तर नाहीच. कुलपाच्या पेटीत, शक्यतो दुसऱ्याच्या गोदामात ठेवा, आणि किल्ली तिसऱ्याकडे द्या. असह्य झालेला क्षण अनेकदा काही मिनिटांत निघून जातो, तेवढ्यात डबा हाताशी नसणं यानं जीव वाचतो. आणि डॉक्टरांच्या गोळ्या "आता देवावर सोपवलं" म्हणून एकदम बंद करायच्या नाहीत. काही गोळ्या अचानक थांबवल्या की चक्कर, बेचैनी, झोप उडणं सुरू होतं आणि लोक त्याला मूळ दुखणं परतलं असं समजतात.

थांबा: मरून जावंसं वाटतं, कुणाचा तरी आवाज ऐकू येतो, चार-पाच दिवस झोपच नाही, यातलं काहीही असेल तर सराव बाजूला ठेवून आधी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला. फोन मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. कुणी विष घेतलं असेल तर वाट न पाहता १०८.

जागा, वेळ, सोबत या तीन गोष्टी लगेच ठरतात. जागा ओसरी किंवा पडवीची, पाठ भिंतीला आणि दार समोर दिसेल अशी. देवघराच्या कोपऱ्यात दाराकडे पाठ करून बसवू नका. ज्या वासानं किंवा आवाजानं प्रसंग आठवतो, तो तिथे नसावा. फवारणीत विषबाधा झालेल्याला फवारणीच्या पंपाजवळ बसवलं तर तो डोळे उघडे ठेवूनही त्याच दिवसात जाऊन बसेल. वेळ शक्यतो झोपेआधीची नको, कारण सुरुवातीच्या आठवड्यांत सराव झोप उडवूही शकतो. उन्हाळ्यात सकाळी सहाच्या आत, एरवी सांजवातीच्या सुमारास. सोबत हवी तर एकाच माणसाची, आणि ती चार-पाच हातांवर. घरातल्यांनी दारातून डोकावत राहायचं नाही, हे आधीच सांगून ठेवा.

## टप्पा १ : जमीन (आठवडा १ आणि २, रोज ५ मिनिटं)

१. जमिनीवर किंवा ओट्यावर बसा. बाज नको. ती खोलगट होते आणि पायाखाली घट्ट काही लागत नाही.

२. डोळे उघडे. समोरच्या पाच वस्तूंची नावं तोंडानं, ऐकू येईल इतक्या आवाजात घ्या: गडवा, दोरीवरचं लुगडं, सूप, छताचा फाटा, कोपऱ्यातला विळा. विळा पाहून काही आठवत असेल तर तो उचलून आत ठेवा. जागा आपल्या सोयीनं बदलता येते, हाच पहिला धडा.

३. टाचा जमिनीत दाबा, मनात पाचपर्यंत मोजा. ढिल्या सोडा, दहापर्यंत मोजा. असं ६ वेळा.

४. माठातल्या पाण्याचा एक घोट. गार पाणी घशातून कुठवर जाणवतं तेवढं बघा. झालं.

पतंजलींनी आसनाबद्दल सांगितलेलं एक साधन "प्रयत्नशैथिल्य" आहे (२.४७). प्रयत्न ढिला सोडायचा, म्हणजे आधी थोडा प्रयत्न असला पाहिजे. म्हणूनच इथे दाबून मग सोडायचं आहे. नुसतं "ढिलं सोडा" म्हटल्यानं घाबरलेला स्नायू ढिला होत नाही.

तपासणी: १४ पैकी निदान १० दिवस सराव झाला आणि संपल्यावर आधीपेक्षा जास्त घाबरल्यासारखं वाटत नाही, मगच पुढे. नाही तर आणखी दोन आठवडे इथेच. उतावळेपणा करणाऱ्यांची गाडी पुढे टप्पा ३ मध्ये अडकते.

## टप्पा २ : हालचाल (आठवडा ३ आणि ४, ४ मिनिटं जास्त)

खांदे कानाकडे उचलून सोडा, ६ वेळा. ओट्यावरून उठा-बसा, ८ वेळा, घाई न करता. मग भिंतीसमोर हातभर अंतरावर उभं राहून दोन्ही तळवे भिंतीवर टेका आणि भिंत ढकला, पाच आकडे, सोडा, दहा आकडे, ४ वेळा. ज्या प्रसंगात काहीच करता आलं नाही, अंग गोठून गेलं, त्यानंतर ढकलण्याची हालचाल बऱ्याच जणांना मोकळं करते. काहींना त्यानं राग येतो. राग आला तर चूक झाली असं नाही, पण त्या दिवशी तिथेच थांबा.

चार पायांवर येण्याची, ओणवं होण्याची, पाय फाकवून झोपण्याची आसनं या दहा आठवड्यांत नकोत. लैंगिक अत्याचारातून गेलेल्या व्यक्तीला ती का नकोत हे तिला विचारायचं नसतं, तिनं सांगायचीही गरज नाही. सगळ्यांसाठीच ती वगळा, म्हणजे कुणी वेगळं दिसत नाही.

शिकवणाऱ्यानं अंगाला हात लावायचा नाही. "परवानगी घेऊन" सुद्धा नाही, कारण ज्याला नाही म्हणायची सवय मोडली आहे तो हो म्हणेलच.

## टप्पा ३ : उच्छ्वास (आठवडा ५ आणि ६, आणखी ३ मिनिटं)

योगसूत्र १.३१ मध्ये विक्षेपासोबत येणाऱ्या चार गोष्टी दिल्या आहेत: दुःख, दौर्मनस्य, अंग कापणं आणि श्वास-प्रश्वास बिघडणं. यातला श्वास आपल्या हाताला लागतो. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित उतरते, म्हणून सोडणं लांबवायचं.

तीन आकडे घेणं, चार आकडे सोडणं. आठवड्याभरानं जमलं तर तीनास पाच. एका वेळी १० श्वास, त्याहून जास्त नाही. मध्ये कुठेही रोखायचं नाही. १.३४ मध्ये "विधारण", म्हणजे श्वास धरून ठेवणं, आहे हे खरं, पण श्वास अडकल्याचीच ज्याला भीती आहे त्याच्यासाठी ते नंतरचं पान आहे. भस्त्रिका आणि कपालभाती तर पूर्ण बंद. जलद श्वासानं हात-पाय मुंग्यावतात, चक्कर येते आणि शरीर त्याला पुन्हा तोच प्रसंग समजतं.

काहींना श्वासाकडे लक्ष दिलं की जास्तच घुसमटतं. विषबाधेतून उठलेले, पाण्यात बुडता बुडता वाचलेले, दमेकरी यांच्यात हे दिसतं. त्यांना मोजू देऊ नका. ओवी किंवा भजनाची एक ओळ एका दमात म्हणायला सांगा, पाच-सात वेळा. ओळ लांबली की उच्छ्वास आपोआप लांबतो आणि श्वासाचं नावही निघत नाही. गावात संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना होत असेल तर तिथेच हा टप्पा पार पडू शकतो. मात्र अशा माणसाला खंजिरी आणि भोंग्याच्या शेजारी बसवू नका. दाराजवळ बसू द्या आणि मध्येच उठून गेला तर कुणी हाक मारू नये.

भ्रामरी (भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडणं) चालेल, पण कानात बोटं न घालता, डोळे उघडे ठेवून.

## टप्पा ४ : अर्पण (आठवडा ७ पासून, रोज दोनदा)

इथवर आल्यावरच प्रणिधान. लागतं काय तर एक लहान वाटी, मूठभर ज्वारी आणि दिवसातलं एक काम.

सकाळी एकच काम निवडा, अर्ध्या दिवसात होईल इतकं लहान. मग त्या कामाची हाताबाहेरची बाजू वेगळी काढा. पंचनाम्याचे कागद तलाठ्याकडे नेऊन देणं माझ्याकडे. मदत कधी मंजूर होईल ते माझ्याकडे नाही. आशाताईंसोबत जाऊन गोळ्या आणणं माझ्याकडे; आज रात्री झोप लागेल की नाही ते माझ्याकडे नाही. पऱ्हाटीच्या दोन ओळी निंदणं माझ्याकडे, भाव नाही. शेतकऱ्याला ही वाटणी नवी नाही. पेरणी त्याची, पाऊस त्याचा नाही, हे तो दर मृगाला जगतो. अडचण एवढीच की आघातानंतर माणूस सगळंच दुसऱ्या बाजूला ढकलतो, नाही तर सगळंच स्वतःवर ओढून घेतो. "मी त्याले वावरात नेलंच नसतं तर" हे त्यातलंच.

काम करा. झालं नाही तर जेवढं झालं तेवढं धरा.

संध्याकाळी मुठीत ज्वारी घ्या. मूठ घट्ट आवळा, पाच आकडे. दाणे तळव्याला रुततात, ते जाणवू द्या. मग वाटीवर मूठ धरून करंगळीकडून एकेक बोट उघडा. दाणे सुटतात, पण दोन-चार घामानं तळव्याला चिकटून राहतात. ते झटकायचे नाहीत. हात तसाच उघडा ठेवायचा, वाळले की एखादा आपणच पडेल. उरलेला सकाळी चिमण्यांना टाकायचा. हात उघडा असताना एक वाक्य, आपल्या भाषेत: "माह्यानं झालं तेवढं केलं. पुढचं तुह्याकडे." देवाला म्हणायचं नसेल तर "पुढचं माह्याकडे नाही" एवढं पुरे.

सुरुवातीला काय अर्पण करायचं नाही, तेही ऐकून घ्या. मूळ प्रसंग नाही. राग नाही. गुन्हेगाराचा गुन्हा नाही, कोर्टातली केस नाही, आणि "मी त्याला माफ केलं" हे तर नाहीच. माफी हा या सरावाचा भाग नाही. कुणी मागितली तर द्यायची की नाही हे वेगळं काम आहे आणि त्याला मुदत नसते. पहिले दोन आठवडे कागद, निंदण, गोळ्या, असल्याच गोष्टी. मोठं ओझं पहिल्याच दिवशी मुठीत घेतलं तर मूठ उघडत नाही आणि माणूस स्वतःलाच हरलेला समजतो.

"प्रारब्ध होतं", "मागच्या जन्मीचं फेडावं लागतं" ही वाक्यं घरच्यांनी या दिवसांत गिळून टाकावीत. सूत्र २.१६ म्हणतं, हेयं दुःखमनागतम्: टाळायचं ते अजून न आलेलं दुःख. झालेल्याचा हिशेब मागायला त्यात कुठेच सांगितलेलं नाही.

तपासणी: आठवडा ८ च्या शेवटी स्वतःला विचारा: या आठवड्यात मी कुणाला तरी "नाही" म्हटलं का? पाहुण्याला, कर्ज मागणाऱ्याला, सराव घेणाऱ्याला, कुणालाही. एकदाही नसेल तर समर्पणाच्या नावाखाली दबून जाणं चाललं आहे. अर्पण थांबवा, टप्पा २ वर परता.

## टप्पा ५ : विसावा (आठवडा ९ आणि १०, ३ मिनिटं)

आता आडवं व्हा, तेही कुशीवर, पाठ भिंतीला. अंगावर पातळ चादर, उन्हाळ्यात नुसता शेला. डोळे अर्धे उघडे चालतात. मोबाईलचा गजर लावू नका, त्यानं दचकून उठायला होतं. २० श्वास मोजा आणि उठा. उताणं शवासन पुढे कधी तरी, स्वतःला करावंसं वाटलं तर.

## मध्येच प्रसंग उभा राहिला तर

डोळे उघडे नसतील तर उघडा, उभे राहा, पाय आपटा. मोठ्यानं सांगा: आज वार कोणता, गाव कोणतं, माझं वय किती, समोर कोण आहे. तोंडावर पाणी मारा. सोबतच्यानं जवळ येऊन धरायचं नाही, नावानं हाक मारून तीच माहिती सांगत राहायचं. दहा मिनिटांत बसलं नाही, किंवा आठवड्यात तिसऱ्यांदा झालं, तर सराव बंद ठेवून डॉक्टरांना सांगा.

अशा वेळी कुणी तरी "अंगात आलं", "बाहेरची बाधा आहे" म्हणतोच आणि भगताकडे न्यायची बैठक बसते. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, चटके देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, हे तिथल्या तिथे सांगा.

## हंगामात खंड पडतोच

सोयाबीनच्या सोंगणीत आणि कापसाच्या वेचणीत रोज १५ मिनिटं मिळणार नाहीत. तेव्हा टप्पा १ मधला टाचांचा भाग वावरातच करा, बांधावर बसून, आणि संध्याकाळची मूठ. दोन्ही मिळून चार मिनिटं होतात. आठ दिवसांहून जास्त खंड पडला तर सोडलेल्या जागेवरून उडी न मारता एक टप्पा मागून सुरू करा. वर्षश्राद्ध, पहिला गडगडाट, कोर्टाची तारीख, अपघात झाला तोच महिना यांच्या आधी-नंतरचे तीन दिवस फक्त टप्पा १ ठेवा आणि सोबतच्या माणसाला त्या तारखा कॅलेंडरवर खुणेनं दाखवून ठेवा.